लघुग्रहाला आजीचं नाव देता येतं का?

मृण्मयी_क

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

माझी भाची अकरावीत आहे. तिच्या गटाने महिनाभर एका आंतरराष्ट्रीय लघुग्रह शोधमोहिमेत भाग घेतला. मोठ्या दुर्बिणीने टिपलेल्या प्रतिमा यायच्या, त्या लॅपटॉपवर एकामागून एक फिरवून हलणारा ठिपका शोधायचा. तर त्यांना मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातला एक ठिपका सापडलाय, आणि आता प्रमाणपत्रही आलंय. त्यावर 'प्राथमिक शोध' अशा अर्थाचं काहीतरी लिहिलंय.

झालं! घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या ठिपक्याचं बारसं सुरू झालं. मामा म्हणतोय आजीचं नाव, काकांना आडनाव हवंय, एका आत्येभावाने तर मतदानच लावलंय. भाचीला विचारलं तर ती वैतागून म्हणते, "मावशी, अजून काहीच नाहीये गं तसं."

तर जाणकारांना विचारायचंय: नाव द्यायचा हक्क नक्की कोणाचा? किती दिवस लागतात? आणि हे 'प्राथमिक' म्हणजे नक्की किती प्राथमिक?

कोऱ्या_पाट्या

भाचीचं अभिनंदन! ग्रुप तेवढा म्यूट करा.

उंटावरचा

यात अवघड काय आहे? पैसे भरले की नाव देता येतं. मी लग्नाच्या वाढदिवसाला बायकोच्या नावाने एक तारा घेतलाय. नकाशा आणि फ्रेमसकट घरपोच आला.

वेधशाळू

@उंटावरचा, फ्रेम जपून ठेवा, कारण तेवढीच तुमची आहे. अशा दुकानांच्या यादीला खगोलशास्त्रात कोणी विचारत नाही. ताऱ्यांची असोत वा लघुग्रहांची, अधिकृत नावं आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ ठरवतो आणि तो ती विकत नाही.

@मृण्मयी, भाची बरोबर बोलतेय. एका रात्रीच्या चार प्रतिमांत ठिपका सरकताना दिसला, की तो 'प्राथमिक'. तोच ठिपका पुन्हा दुसऱ्या रात्री पकडला गेला आणि मायनर प्लॅनेट सेंटरने, म्हणजे जगभरच्या लघुग्रहांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राने, मान्य केला, की त्याला हंगामी नाव मिळतं. हंगामी नाव म्हणजे वर्ष आणि त्यापुढे काही अक्षरं-आकडे. मग खरी वाट बघणं सुरू होतं. पुढच्या काही वर्षांत तो तीन-चार वेळा तरी प्रतियुतीला, म्हणजे सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, पुन्हा दिसला पाहिजे. कक्षा पक्की झाली की कायमचा क्रमांक. आणि क्रमांक मिळाल्यावरच नावाचा विषय निघतो. या सगळ्याला पाच-दहा वर्षं सहज जातात.

दरम्यान तो ठिपका आधीच कोणीतरी पाहिलेला निघू शकतो. तसं झालं तर हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

मृण्मयी_क

बाप रे! दहा वर्षं? इथे मतदान उद्या संध्याकाळी बंद होतंय.

शंकासूर_२

स्पष्ट बोलतो, राग नसावा. हल्ली दर आठवड्याला 'विद्यार्थ्याने लघुग्रह शोधला' अशी बातमी असते. दुर्बीण दुसऱ्याची, प्रतिमा दुसऱ्याच्या, सॉफ्टवेअर तयार, आणि पोरं चार क्लिक करतात. याला शोध म्हणायचं? प्रमाणपत्रांचा नुसता सुकाळ झालाय.

सांजवारा

@शंकासूर_२, मी त्या चार क्लिक केल्यात, म्हणून लिहिते.

एका संचात आकाशाच्या एकाच तुकड्याच्या चार प्रतिमा असतात, काही काही मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या. त्या अ‍ॅस्ट्रोमेट्रिका नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकमेकींवर बसवायच्या आणि फिरवत राहायचं. तारे जागचे हलत नाहीत. पण बाकी सगळं राखाडी मिरमिर असतं, आणि त्या मिरमिरीत डोळ्यांना हवं ते दिसायला लागतं. पहिल्या आठवड्यात मला अकरा लघुग्रह 'सापडले'. खरा एकही नव्हता.

खरा ठिपका सरळ रेषेत जातो, चारही वेळा सारखं पाऊल टाकतो आणि त्याची चमक साधारण तेवढीच राहते. त्यावर क्लिक केलं की प्रकाशाचा आलेख उघडतो. खऱ्याचा आलेख टेकडीसारखा गोलसर उतरतो. कॅमेऱ्याचा बिघडलेला पिक्सेल असेल तर नुसती सुई उभी राहते. पट्ट्यातला लघुग्रह प्रतियुतीच्या आसपास तासाला साधारण तीस-चाळीस आर्कसेकंद सरकतो, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी ओलांडायला त्याला दोन दिवस लागतात. मग वीसेक मिनिटांत तो कितीसा हलणार?

आणि हे झाल्यावर अहवाल! एका निरीक्षणाची एक ओळ, ओळीत मोजून ऐंशी खाने. तात्पुरती खूण सहाव्या खान्यापासून, तारीख सोळाव्यापासून, वेधशाळेचा संकेतांक शेवटच्या तीन खान्यांत. माझ्या ईमेलने शहाणपणा करून दोन स्पेसची एक केली आणि आख्खी ओळ एक घर डावीकडे सरकली. अहवाल परत. रात्री दीड वाजता मी स्पेस मोजत बसले होते.

शंकासूर_२

मेहनत नाकारत नाहीये. 'शोध' या शब्दाला माझी हरकत आहे.

पेन्शनर

शंकासूर, मग तुमच्या न्यायाने पहिल्या लघुग्रहाचा, सेरेसचा, शोध तरी कोणी लावला?

१ जानेवारी १८०१. सिसिलीतल्या पालेर्मोच्या वेधशाळेत ज्युसेप्पे पियाझ्झी ताऱ्यांची यादी करत बसले होते. ग्रह शोधायला बसलेच नव्हते. एक 'तारा' दुसऱ्या रात्री जागेवरून हलला. आधी त्यांना धूमकेतू वाटला. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जमेल तसं पाहिलं, मध्ये आजारी पडले, आणि तोवर तो सूर्याच्या झगमगाटात गेला. हरवला! एवढ्याशा निरीक्षणांवरून तो पुन्हा कुठे उगवेल हे कोणालाच सांगता येईना. तेव्हा गाउस या चोवीस वर्षांच्या जर्मन गणितज्ञाने नवी गणिती पद्धत काढून कक्षा मांडली आणि वर्षाच्या शेवटच्या रात्री फॉन झाख या खगोलशास्त्रज्ञांना सेरेस त्या गणिताच्या जवळपास सापडला.

आता बोला, पियाझ्झी की गाउस? श्रेय पियाझ्झींना मिळालं. पण गाउस नसता तर त्यांच्याकडे चोवीस नोंदी आणि एक हळहळ एवढंच उरलं असतं.

ध्रुवपद

+१ पेन्शनरकाका. तुमचे प्रतिसाद वाचायला मी लॉगिन करते.

वेधशाळू

@पेन्शनर, नेमकं हेच. एका ठिपक्याला काही अर्थ नसतो, त्याची कक्षा कळली तरच तो 'वस्तू' होतो. म्हणूनच २०१० पासून नियम असा आहे की शोधाचं श्रेय ठरवताना पहिल्या रात्रीच्या निरीक्षणाला नाही, ज्याचं दुसऱ्या रात्रीचं निरीक्षण सर्वात आधी कळवलं गेलं त्याला मान.

घाईत नाव दिल्यावर काय होतं याचा नमुना म्हणजे ११२५ चायना. चिनी खगोलशास्त्रज्ञ झांग युझे अमेरिकेत शिकत असताना १९२८ मध्ये त्यांना एक लघुग्रह सापडला. त्यांनी त्याला मायदेशाचं नाव दिलं, आणि तो हरवला. पुढे १९५७ मध्ये चीनमधून दुसराच एक लघुग्रह सापडला, तेव्हा सर्वसंमतीने ११२५ हा क्रमांक आणि 'चायना' हे नाव त्याला चिकटवलं. १९८६ मध्ये मूळचा सापडला! मग त्याला ३७८९ क्रमांक आणि 'झोंगगुओ' हे नाव मिळालं. म्हणजे पुन्हा चीनच, फक्त चिनी भाषेत.

७१९ अल्बर्ट तर १९११ मध्ये हरवला तो थेट २००० साली सापडला. तो पट्ट्यात स्थिर राहणारा नाही, पृथ्वीच्या जवळ येणारा आहे. पण नाव असून पत्ता नाही, ही अवस्था तीच.

उंटावरचा

म्हणजे माझ्या ताऱ्यापेक्षा त्याची अवस्था वाईट होती. माझा निदान भिंतीवर तरी आहे. (ह.घ्या.)

मृण्मयी_क

हे सगळं भन्नाट आहे. पण नावाचे नियम काय? समजा, दहा वर्षांनी वेळ आलीच, तर?

वेधशाळू

क्रमांक लागल्यापासून दहा वर्षं नाव सुचवण्याचा हक्क शोधकाचा. रोमन लिपीत जास्तीत जास्त सोळा अक्षरं, स्पेस धरून. शक्यतो एकच शब्द, उच्चारता येणारा, कोणाचा अपमान न करणारा आणि आधीच्या नावांशी फार साम्य नसलेला. जाहिरातबाजी चालत नाही. राजकीय किंवा लष्करी कारणांनी प्रसिद्ध झालेली व्यक्ती असेल तर तिच्या निधनाला शंभर वर्षं उलटलेली हवीत. स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नाही. सोबत हे नाव का, याचा छोटा मजकूर लिहायचा. संघाचा कार्यगट त्यावर मतदान करतो आणि त्यांच्या पत्रिकेत छापून आलं की नाव अधिकृत.

थोडक्यात, आजीचं नाव चालेल. काकांच्या आडनावाचं माहीत नाही, अक्षरं मोजा.

ध्रुवपद

शंभर वर्षांची अट फारच आवडली. ही अट आणखी कुठे कुठे लावता येईल याची यादी मनातल्या मनात तयार झाली.

संपादक मंडळ

राजकारणावर गाडी वळायच्या आत आठवण करून देतो, धागा खगोलशास्त्राचा आहे.

पेन्शनर

संपादक, राजकारण पहिल्या दिवसापासूनच होतं हो! पियाझ्झींनी दिलेलं नाव 'सेरेस फर्डिनांडिया' होतं. सेरेस ही सिसिलीची धान्यदेवता आणि फर्डिनांड तिथला राजा. बाकीच्या देशांनी देवी ठेवली आणि राजा गाळला. १८५० मध्ये लंडनहून जॉन रसेल हिंड यांनी बाराव्या लघुग्रहाला 'व्हिक्टोरिया' नाव दिलं. राणी हयात, गादीवर! अमेरिकन मंडळी भडकली. मग खुलासा आला की व्हिक्टोरिया ही रोमन विजयदेवता आहे, राणीशी नाव जुळणं हा योगायोग. पळवाट इतकी सुबक होती की नाव टिकलं.

रच्याकने, पाचवा लघुग्रह अ‍ॅस्ट्रिया १८४५ मध्ये सापडला तो हेन्के नावाच्या टपाल खात्यातल्या निवृत्त माणसाला. चौथ्यानंतर अडतीस वर्षं काही सापडलं नव्हतं, लोकांनी नाद सोडला होता. हा गडी पंधरा वर्षं बघत राहिला. आम्हा निवृत्तांना कमी लेखू नका.

ऋतुगंधा

सेरेस, पॅलास, जुनो, व्हेस्टा, अ‍ॅस्ट्रिया, व्हिक्टोरिया... सगळ्या बायकाच कशा?

वेधशाळू

प्रथाच होती तशी. पुरुषाचं नाव द्यायचं तरी शेपूट स्त्रीलिंगी. पियाझ्झी, गाउस आणि पॅलास व व्हेस्टा शोधणारे ओल्बर्स हे पहिले तीन मानकरी पुढे क्रमांक १०००, १००१ आणि १००२ वर बसले, पण कसे? पियाझ्झिया, गाउसिया, ओल्बर्सिया. सरळ पुरुषी नाव पहिल्यांदा ४३३ इरॉसला मिळालं, १८९८ मध्ये, आणि तो मुख्य पट्ट्यातला नव्हताच.

ऋतुगंधा

म्हणजे चाकोरीत फिरायचं तर बाईचं नाव, चाकोरी सोडली की पुरुषाचं. नोंद घेतली आहे.

कोऱ्या_पाट्या

गाउसिया ऐकून मला वाटलं शेजारच्या ताई.

चकवा_चांदणी

मांजराचं नाव देता येतं का? गंभीरपणे विचारतेय.

सांजवारा

दिलेलं आहे! २३०९ मिस्टर स्पॉक. १९७१ मध्ये जेम्स गिब्सन यांनी शोधला आणि त्यांच्या मांजराचं नाव दिलं. 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या पात्राचं नाही हं, त्या पात्रावरून नाव पडलेल्या मांजराचं. त्यावर इतका गदारोळ झाला की पाळीव प्राण्यांची नावं देऊ नयेत असा सल्ला आता नियमावलीतच आहे.

चकवा_चांदणी

बोक्याला कळवते. तो तसाही स्वतःला सूर्य समजतो.

शंकासूर_२

आणि 'विकत नाही' म्हणता, पण पूर्वी विकलं आहेच की. योहान पालिझा या ऑस्ट्रियन खगोलशास्त्रज्ञांना १८८६ च्या सूर्यग्रहणाच्या मोहिमेसाठी पैसे हवे होते, तर त्यांनी आपल्या एका लघुग्रहाच्या नावाचा हक्क पन्नास पौंडांना विकायला काढला. रोथशिल्ड या धनाढ्य बँकर घराण्यातल्या एकाने घेतला आणि बायकोचं नाव दिलं. २५० बेटिना.

उंटावरचा

बघा! बायकोचंच नाव. माझी कल्पना ऐतिहासिक होती, फक्त शंभर वर्षांहून जास्त उशीर झाला.

वेधशाळू

@शंकासूर_२, खरं आहे ते, त्या काळी शोधकाच्या मर्जीवर बरंच चालायचं. पण पालिझांनी डोळा दुर्बिणीला लावून, हाताने नकाशे जुळवत एकशे बावीस लघुग्रह शोधले होते. मग १८९१ मध्ये हायडलबर्गला मॅक्स वोल्फ यांनी छायाचित्राने पहिला लघुग्रह पकडला, ३२३ ब्रुशिया. लांब एक्स्पोजरमध्ये तारे ठिपके राहतात आणि लघुग्रहाची बारीक रेघ उमटते. त्यानंतर इतके सापडायला लागले की छायाचित्रं खराब करणारी ही 'आकाशातली कीड' म्हणून लोक त्रासले. तेव्हाही असाच सूर होता म्हणे, की आता यंत्रच शोधतं, माणसाचं काय त्यात?

शंकासूर_२

टोमणा पोचला.

पेन्शनर

आपल्याकडच्या शोधांचंही कोणीतरी बोला. १८६१ मध्ये नॉर्मन पॉगसन यांनी मद्रासच्या वेधशाळेतून ६७ वा लघुग्रह शोधला. आशिया खंडातून सापडलेला पहिला, म्हणून नाव 'एशिया'. ८७ सिल्व्हिया पण मद्रासचाच, आणि त्याला चक्क दोन चंद्र आहेत हे पुढे कळलं. १९८८ मध्ये तमिळनाडूतल्या कवलूर वेधशाळेतून राजमोहन यांनी शोधलेला ४१३० म्हणजे रामानुजन.

ध्रुवपद

आणि पंडित जसराज! ३००१२८ पंडितजसराज. क्रमांक उलटा दोन-दोन आकड्यांनी वाचा: २८-०१-३०. त्यांची जन्मतारीख, २८ जानेवारी १९३०. मला हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

सांजवारा

@ध्रुवपद, त्याचं हंगामी नावही मजेदार उलगडतं. २००६ व्हीपी३२. वर्षाचे चोवीस पंधरवडे, त्यांना ए पासून वाय पर्यंत अक्षरं, मधलं आय गाळायचं कारण ते एक या आकड्यासारखं दिसतं. व्ही म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. पुढचं अक्षर म्हणजे त्या पंधरवड्यातला क्रम, आय सोडून पी पंधरावं. पंचवीस अक्षरं संपली की पुन्हा ए पासून, आणि किती फेऱ्या झाल्या ते शेवटच्या आकड्यात. बत्तीस फेऱ्या गुणिले पंचवीस, अधिक पंधरा. त्या एका पंधरवड्यातला आठशे पंधरावा!

चकवा_चांदणी

पंधरा दिवसांत आठशे?? मग इतक्यांना नावं पुरतात तरी का?

वेधशाळू

नाहीच पुरत. कायमचा क्रमांक मिळालेले सात लाखांच्या वर आहेत, त्यातल्या जेमतेम पंचवीसेक हजारांना नाव आहे. शोधकांवरही दोन महिन्यांत दोनच नावं सुचवण्याची मर्यादा आहे. चिलीतल्या व्हेरा रुबिन दुर्बिणीने २०२५ मध्ये पहिल्या झलकीतच, दहाएक तासांच्या निरीक्षणात, २१०४ नवे लघुग्रह दाखवले. बहुतेकांचं आयुष्य क्रमांकावरच निघणार. आणि संख्या एवढी असली तरी आख्ख्या पट्ट्याचं वस्तुमान आपल्या चंद्राच्या तीन-चार टक्केच भरतं, त्यातही तिसरा हिस्सा एकट्या सेरेसचा.

शंकासूर_२

मूळ मुद्द्यावर येतो. रुबिनसारखी दुर्बीण आणि संगणक मिळून हजारोंनी शोधणार असतील, तर पोरांना मिरमिरीत ठिपके शोधायला लावण्यात हशील काय? हा खरा प्रश्न आहे, टोमणा नाही.

सांजवारा

प्रामाणिक उत्तर: विज्ञानाचं फार अडणार नाही. पण त्या अकरा खोट्या लघुग्रहांनंतर मी 'मला दिसलं' आणि 'आहे' यांत फरक करायला लागले. आलेख उघडल्याशिवाय काही खरं मानत नाही. नवऱ्याला याचा थोडा त्रास होतो.

आणखी एक. 'विद्यार्थ्याने लघुग्रह शोधला' आणि 'विद्यार्थ्याचं नाव लघुग्रहाला' या दोन वेगळ्या बातम्या आहेत आणि वर्तमानपत्रं त्यांची खिचडी करतात. अमेरिकेतल्या लिंकन प्रयोगशाळेच्या आकाश-सर्वेक्षणाने शोधलेल्या लघुग्रहांना मोठ्या विज्ञान स्पर्धांतल्या विजेत्या मुलांची नावं दिली गेली आहेत. त्या मुलांनी आकाशाकडे पाहिलेलं असेलच असं नाही, त्यांचे प्रकल्प भलत्याच विषयांवर होते.

शंकासूर_२

हे माहीत नव्हतं. बातमीबद्दलचा माझा निम्मा राग तिथलाच असावा. 'प्राथमिक' हा शब्द मथळ्यात छापला तर उरलेला निम्माही जाईल.

मृण्मयी_क

सगळ्यांचे मनापासून आभार. आख्खा धागा भाचीला वाचायला दिला. सांजवारा, तुमचा ऐंशी खान्यांचा किस्सा वाचून ती इतकी हसली की तिची आई बघायला आली. त्यांच्या गटाचे दोन अहवाल तसेच परत आले होते म्हणे. शंकासूर, ती तुमच्या बाजूने आहे. 'शोध' म्हणू नका, 'नोंद' म्हणा, असं तिने ग्रुपवर लिहिलं. काकांनी त्यावर टाळ्यांचे सहा इमोजी टाकले आणि मतदानाची मुदत वाढवली.

आजीलाही सगळं समजावलं. ती म्हणाली, माझं नाव कशाला, ज्या पोरींनी डोळे फोडले त्यांचं द्या. स्वतःचं नाव देता येत नाही म्हटल्यावर म्हणाली, मग एकमेकींचं द्या.

वेधशाळू

आजींना कार्यगटावर घ्या.

कोऱ्या_पाट्या

तो ग्रुप म्यूट केलात की नाही शेवटी?

मृण्मयी_क

केला होता. काल उघडून बघते तर ग्रुपचं नावच बदललेलं. भाचीच्या गटाने अहवालात त्या ठिपक्याला दिलेली सात अक्षरांची तात्पुरती खूण आहे ना, तेच आता आमच्या घराण्याचं नाव.

सांजवारा

मध्ये एखादी स्पेस जास्त पडली नाहीये ना, तेवढं बघा. परत येईल.